खोट्या कॅप्सूलचा वास

४ जून

ताई,

नमस्कार, खुशाली, सर्वांना यथायोग्य, हे सगळं पोचलं असं धर, कारण मला आधी आजची गंमत सांगायची आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू ‘आवाज का बसलाय, रडलीस का?’ एवढंच विचारतेस आणि मग मी खरंच रडते. म्हणून ठरल्याप्रमाणे पत्रच बरं.

तर आज आमच्या पूरक उपचार संशोधन कार्यालयात चार जबाबदार सरकारी नोकर भर दुपारी डोळ्यांना रुमाल बांधून कॅप्सूल हुंगत बसले होते. मोठे साहेब, औषधवाल्या बाई, आकडेवाले आणि मी. चहा घेऊन आलेला शिपाई दारातूनच परत गेला. त्याला वाटलं, कुणाचा तरी निरोपसमारंभ चाललाय आणि आम्ही आंधळी कोशिंबीर खेळतोय.

केमोनंतर जी मळमळ होते ना, तिच्यावर सुंठीचा काही उपयोग होतो का, ते आम्हाला तपासायचंय. निम्म्या पेशंटना सुंठीची कॅप्सूल द्यायची, निम्म्यांना नुसत्या कोंड्याची. कुणाला कुठली मिळाली ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. बरं वाटलं ते सुंठीमुळे की औषध मिळाल्याच्या समाधानामुळे, हे कळायला दुसरा मार्ग नाही. आमची पंचाईत एकच झाली होती. कोंड्याला वास नाही! बाटलीचं झाकण उघडलं की कुणीही सांगेल, ही खोटी.

त्यात आमच्या साहेबांचं नाक फार तिखट. औषधवाल्या बाईंनी महिनाभरात तीनदा नवी खोटी कॅप्सूल बनवून आणली आणि साहेबांनी तिन्ही वेळा रुमालाआडून ‘खोटी!’ म्हणून निकाल दिला. बाई इरेला पेटल्या. कारखान्यात जाऊन ठाण मांडून बसल्या. कोंड्यावर काय संस्कार केले ते सांगत नाहीत, पण आज साहेबांनी खोटीला खरी म्हटलं आणि खरीला खोटी! बाईंनी डोळ्यांवरचा रुमाल काढून हवेत फिरवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आकडेवाले कधी हसत नाहीत, त्यांनीही मान हलवली.

आता बाटल्या दवाखान्यांत जातील, तुझ्याही जातील. तुझ्या दवाखान्याचं काम साहेबांनी माझ्या टेबलावरून काढून आकडेवाल्यांना दिलंय, सख्खी बहीण तिथे आहे म्हणून. तुला विचारतील तेव्हा हो म्हण, नाही म्हण, तुझी मर्जी. पण केमो मात्र पुरी कर, ताई. तीन झाल्या, तीन राहिल्यात. मागच्या अख्ख्या पत्रात तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, आणि भावजींनी खाली दोन ओळी खरडल्या होत्या की हिला अन्नाचा वास सहन होत नाही. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
बारकी

१७ जून

बारके,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की ह्यांना वाटलं मला ठसका लागला. पाणी घेऊन धावत आले. रुमाल बांधून हुंगणारे साहेब! मी मुख्याध्यापिका असताना शाळेत असा तास घेतला असता तर पालकांनी मला घरी बसवलं असतं.

बाटली मिळाली. सही केली. डॉक्टरनं सगळं समजावून सांगितलं. इतका कोवळा आहे की याला मीच चौथीत पाढे शिकवले असावेत. म्हणाला, ‘आजी, तुम्हाला खरी मिळाली की खोटी ते मलाही माहीत नाही.’ मी म्हटलं, ‘आजी कुणाला म्हणतोस? आणि माहीत नसेल तर माहीत करून घ्यावं, असं हसत सांगू नये.’ पुढच्या पेशंटकडे वळला तेव्हा बिचाऱ्याचे कान लाल झाले होते.

माझी खोटी आहे, बारके. मला ठाऊक आहे. सोडतीत मला जन्मात कधी काही लागलेलं नाही. शाळेच्या सोडतीत सगळ्या बायकांना डबे लागले होते, मला ‘सहभागाबद्दल आभार’.

चौथी केमो दहा तारखेला झाली. कॅप्सूल अगदी वेळेवर घेतल्या. तुझ्या भावजींनी दुकानातून पाच गजराची घड्याळं आणून घरभर ठेवली आहेत. आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली या माणसानं, पण घरातल्या पाचांची वेळ काही जुळत नाही. त्यामुळे एका कॅप्सूलसाठी पाचदा बोंब होते. हे बाहेर कुणाला सांगू नकोस, धंद्याचा प्रश्न आहे.

आणि एवढं करून काय? चार दिवस मी आणि बादली. पाण्यालासुद्धा वास येतो, बारके. तुला खोटं वाटेल, पण येतो. शेजारीणबाई एक हिरवा रस घेऊन आल्या आहेत. त्यांच्या मते हा घेतला की दुसरं काही लागतच नाही, ना सलाईन ना डॉक्टर. ह्यांनी एक बाटली तुमच्या कार्यालयाला तपासायला पाठवायचं ठरवलंय. मी नको म्हटलं तरी बूच घट्ट ठोकत बसलेत.

तुझ्या ओळखीनं एवढं कळेल का ग, माझी खरी की खोटी? खोटी असेल तर उगाच गिळायची कशाला?

तुझी ताई

२३ जून

ताई,

नाही कळणार. मलाही नाही, साहेबांनाही नाही. कळलं असतं तरी सांगितलं नसतं, आणि तू मुख्याध्यापिकेचा आवाज काढलास तरी नसतं. इथेच विषय संपला.

भावजींची बाटली आली. म्हणजे अर्धी आली. उरलेली अर्धी साहेबांच्या अंगावर आहे. भावजींनी बूच फारच मनापासून ठोकलं होतं आणि रस वाटेत आंबला होता. साहेब म्हणाले, ‘द्या इकडे, मी उघडतो.’ धडाम! बूच पंख्याला लागलं, तिथून आकडेवाल्यांच्या टेबलावर आलं, आणि साहेब केसांपासून पट्ट्यापर्यंत हिरवे. त्यानंतर त्यांना वरच्या मजल्यावर मीटिंग होती. तसेच गेले. वरच्यांनी विचारलं तर म्हणाले, ‘संशोधन चालू आहे.’

हसून घेतलंस? आता ऐक. माझ्या कपाटात अशा बाटल्या खच्चून भरल्या आहेत. लोक पाठवतात, सोबत चिठ्ठी असते, ‘याने सर्व प्रकारचे कर्करोग बरे होतात.’ त्यांना उत्तरं लिहिणं हेच माझं काम. पाठवणारी माणसं बहुतेक भली असतात, कुणाचं तरी भलं व्हावं म्हणून पाठवतात, त्यामुळे लिहिताना हात जड होतो. पण आजवर त्यातल्या एकाही बाटलीनं गाठ विरघळलेली आम्ही पाहिली नाही. रस आवडत असेल तर डॉक्टरला विचारून पी. त्याच्या भरवशावर केमो सोडायचा विचार मात्र मनात आणू नकोस.

आणि उलट्यांचं डॉक्टरला सांगितलंस ना? त्यावर चांगल्या गोळ्या असतात, एक नाही लागू पडली तर दुसरी देतात. पाचवी एक तारखेला आहे, मंगळवारी. मी कॅलेंडरवर खूण केली आहे.

तुझी,
बारकी

६ जुलै

बारके,

आधी बस खाली. बसलीस? मला भूक लागते!

साधीसुधी नाही. काल सकाळी उठले आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या आदल्या दिवशीचा भात संपवला. मग दोन अंडी उकडली. मग ह्यांच्या ताटातलं उचललं. हे म्हणाले, ‘अग, माझं!’ म्हटलं, ‘तुमचं-माझं काय, लग्न कशाला केलंय?’ आणि हा माणूस अचानक डोळे पुसायला लागला. म्हणाला, कांदा. घरात कांदा चिरलेलाच नव्हता.

संध्याकाळी बागेत गेलो. मी झोक्यावर बसले. स्कार्फ, टक्कल, गुडघेदुखी, सगळ्यांसकट. माळी शिट्ट्या मारत होता, झोका मुलांसाठी आहे म्हणून. मी ऐकू न आल्यासारखं केलं. इतक्या उंच गेले की चप्पल उडून माळ्याच्या आळ्यात पडली.

तुमच्या कॅप्सूल गुणकारी आहेत, दुसरं काय! माझी खरीच असणार. तुझ्या साहेबांना, त्या नाकवाल्यांना, आणि रुमाल फिरवणाऱ्या बाईंना माझ्याकडून शाबासकी सांग. मंगळवार गेला एकदाचा. आता त्याबद्दल विचारू नकोस, जे चांगलं चाललंय ते चालू दे.

हे म्हणतात मी गाते आहे. मी गात नाहीये, पण असेनही.

तुझी ताई

१० जुलै

ताई, ताई, ताई!

मी तुझं पत्र कार्यालयात मोठ्यानं वाचलं. मला माहीत आहे, वाचायला नको होतं. पण झोक्यापाशी आले आणि थांबताच येईना. चप्पल उडाली तिथे साहेबांनी टेबलावर थाप मारली. शाबासकीपाशी औषधवाल्या बाई उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, ‘माझ्या आयुष्यात मला एवढं चांगलं पत्र आलेलं नाही,’ आणि पत्र त्यांना आलेलंही नव्हतं! साहेबांनी अख्ख्या मजल्याला चहा सांगितला. शिपायानं विचारलं, ‘कुणाचं काय झालं?’ साहेब म्हणाले, ‘एक बाई जेवल्या.’ तोही खूश.

मग बाई आणि मी साहेबांच्या खोलीत, म्हणजे तू हसशील, चक्क फुगडी घातली. एकच फेरी, कारण फाइली पडायला लागल्या. ताई, मी इतकी आनंदात आहे की आज मला कुणाचाही राग येत नाहीये, वरच्या मजल्याचासुद्धा. रविवारी तुझ्यासाठी एक नवा स्कार्फ घेते. पिवळा. झोक्यावर शोभेल असा.

११ जुलै

पत्र कालच टाकणार होते, राहिलं. बरं झालं राहिलं.

काल सगळे चहा पीत होते, फक्त आकडेवाले कप हातात धरून उभे होते. मला म्हणाले, ‘बाई, केमो कधी होती?’ म्हटलं, एक तारखेला. ‘आणि पत्र?’ सहाचं. ते म्हणाले, ‘तुमच्या बहिणीला भूक लागली याचा मला आनंद आहे. पण या औषधाच्या पाचव्या दिवशी कुणी झोक्यावर बसल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. एकदा फोन करून घ्या.’

मी त्यांच्यावर चिडले. एकाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये म्हणता, मग एकाच्या आनंदावर संशय कशाला घेता, असं काहीबाही बोलले. पण आज सकाळी भावजींना दुकानात फोन केला. विचारलं, ‘ताई मंगळवारी गेली होती ना?’ भावजी म्हणाले, ‘आज दुकानात फार गर्दी आहे.’

ताई, भावजींच्या दुकानात गर्दी! त्या माणसाला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही.

तू गेलीच नव्हतीस.

बारकी

१६ जुलै

बारके,

होय. नाही गेले.

मंगळवारी निघालो होतो आम्ही दोघं. पिशवीत पाण्याची बाटली, शाल, तुझी कॅप्सूल, सगळं घेऊन. बस दवाखान्याच्या थांब्याला लागली. हे उतरले. मी उठलेच नाही. हे खालून हाका मारतायत, कंडक्टर ओरडतोय, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी म्हटलं, ‘अहो, चढा परत.’ चढले बिचारे. बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथे एक तळं आहे. एवढी वर्षं या गावात राहून आम्हाला ठाऊकच नव्हतं. दुपारपर्यंत बसलो. ह्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही, फक्त येताना बसमध्ये सगळी वाट माझा हात धरून होते.

तुझ्यापासून लपवलं, कारण तू ओरडली असतीस. आता ओरड.

मला एक आठवडा तरी पूर्वीसारखं जगायचं होतं, बारके. जेवायचं होतं. ते मिळालं आणि मी त्याबद्दल माफी मागणार नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. मरणाची म्हणशील तर तेवढी नाही. बादलीची वाटते. दवाखान्याची पायरी दिसली की पोटात ढवळायला लागतं, सलाईन लावायच्या आधीच. आणि डॉक्टर विचारतो, ‘काही त्रास?’ तर मी म्हणते, ‘छे!’ जन्मभर पोरांना सांगितलं, रडायचं नाही, धीट व्हायचं. आता त्या पोराएवढ्या डॉक्टरपुढे कुठल्या तोंडानं सांगू, की मला होत नाही?

वर खोट्या कॅप्सूल गिळून खऱ्या उलट्या काढायच्या! तुझ्या साहेबांना विचार, हा कुठला न्याय.

शेजारीणबाई म्हणतात, रस आहे ना. मला त्या रसावर भरवसा नाही. पण तो पोटात राहतो, बारके. एवढंच.

ताई

१९ जुलै

ताई,

ओरडणार होते. बसले होते ओरडायलाच. पण तुमच्या त्या तळ्यापाशी आले आणि जमेना.

तुझं पत्र घेऊन मी कार्यालयाच्या जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले. आकडेवाले खालून येत होते. मला ओलांडून जातील असं वाटलं, तर शेजारीच बसले. त्यांना काय झालं ते सांगितलं. म्हणाले, ‘बहिणीला लिहा, आपल्या पाटीवर पूरक असं लिहिलंय. पूरक म्हणजे सोबतीला जाणारं. सुंठ काय, रस काय, झोका काय, सगळी वऱ्हाडी मंडळी. नवरा मुलगाच आला नाही तर वऱ्हाडानं करायचं काय?’ आकडेवाले विनोद करतात हे मला आजच कळलं. तेही इतक्या गंभीर चेहऱ्यानं.

आता माझं ऐक. मला तू हवी आहेस. एक आठवडा नको, पुष्कळ हवी आहेस. मी पन्नाशीला टेकले तरी मला बारके म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय. तू नसलीस तर मी एकदम मोठीच होईन, ताई, आणि मला ते मुळीच नकोय.

डॉक्टरला सांग. उलट्या सांग, पाण्याचा वास सांग, पायरीपाशी ढवळतं ते सांग. त्याला ते माहीत असायलाच हवं, त्याशिवाय तो गोळी कशी बदलणार? ‘छे’ म्हणणारा पेशंट आला की आमचे आकडेवाले डोकं धरून बसतात. धीट असशील तर हे बोलून दाखव. आणि चुकलेल्या केमोचं काय करायचं तेही त्यालाच विचार, लाज न बाळगता. अशी चुकवणारी तू काही पहिली नाहीस.

मी रजेचा अर्ज टाकला आहे. तू ये म्हण, नको म्हण, मी येणार.

बारकी

२७ जुलै

बारके,

येऊ नकोस! रजा जपून ठेव, नंतर हुंदडायला उपयोगी पडेल. तुझा अर्ज मंजूर व्हायच्या आत मी जाऊनसुद्धा आले.

तुझं पत्र मंगळवारी आलं. ‘मी एकदम मोठीच होईन’ हे वाचलं आणि ह्यांना म्हटलं, चला. दवाखान्यात फोन केला, त्यांनी गुरुवारी बोलावलं. या वेळी बस थांबल्यावर हे उतरलेच नाहीत, माझ्या मागे उभे राहिले. मी उतरल्यावर उतरले. शहाणे झालेत.

डॉक्टरला सगळं सांगितलं. बसची गोष्टसुद्धा. मला वाटलं रागावेल. तो खुर्ची ओढून जवळ बसला आणि म्हणाला, ‘हे आधी का नाही सांगितलंत, बाई?’ आजी नाही म्हणाला, बघ! उशीर झालाय खरा, पण पुढे चालू ठेवता येईल म्हणाला. उलटीची गोळी बदलली, आणि एक गोळी दवाखान्यात येण्याआधीच घ्यायची दिली. पाचवी झाली, बारके. उलटी एकदाच. एकदाच! त्यानंतर पातळ पेज राहिली पोटात.

पण मी पत्र लिहायला घेतलं ते हे सांगायला नाहीच. ऐक, आणि साहेबांना सांगायच्या आधी त्यांना खुर्चीत बसव.

सलाईन चालू असताना माझ्या शेजारच्या खाटेवर एक कंडक्टरबाई होत्या. (त्या बसच्या नव्हेत, वेगळ्या. मी खात्री करून घेतली.) त्या म्हणाल्या, माझी कॅप्सूल खोटी आहे, मला काही फरक नाही. मी म्हटलं, खोटी माझी आहे. त्या म्हणाल्या, नाही, माझी. वाद वाढला. मी म्हटलं, पुरावा काढू. कॅप्सूल उघडली आणि चिमूटभर जिभेवर टाकली. बारके, जीभ पेटली! सुंठ! अस्सल! आयुष्यातली माझी पहिली सोडत! मी इतक्या मोठ्यानं ‘लागली!’ म्हणून ओरडले की सिस्टर धावत आल्या. त्यांना वाटलं सुई लागली.

कंडक्टरबाईंनी लगेच आपली उघडली. त्यांचीही पेटली. मग पलीकडच्या वकीलबाईंनी, मग खिडकीपाशी बसणाऱ्या शिंपीणबाईंनी. अख्खा वॉर्ड जिभा बाहेर काढून हाशहुश करतोय आणि सिस्टर पाण्याचे पेले घेऊन धावतायत. सगळ्यांचीच खरी! एकीचीही खोटी नाही!

वकीलबाई म्हणाल्या, एवढ्या जणींत एकही खोटी नसणं संशयास्पद आहे. मलाही तसंच वाटतं. तुम्ही लोकांनी काहीतरी घोळ घातलाय, बारके. आम्ही कॅप्सूल उघडायला नको होत्या हे मला कळतं. पण एवढा हशा त्या खोलीत कधी झाला नसेल. शिंपीणबाई तर हसता हसता रडल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी तारीख एकत्रच घेऊया.

तुझी ताई

३ ऑगस्ट

ताई,

घोळ? अग, घोळ हा शब्द लहान पडेल!

तुझं पत्र मी साहेबांपुढे ठेवलं. ठेवावंच लागलं, चाचणीचा प्रश्न होता. साहेबांनी वाचलं. कपाटातून खोट्या कॅप्सूलची बाटली काढली, एक उघडली आणि जिभेवर टाकली. त्यांचे कान लाल झाले. नाक लाल झालं. ते बारीक आवाजात म्हणाले, ‘बाईंना बोलवा.’

औषधवाल्या बाई आल्या. साहेबांनी विचारलं, ‘या खोटीत काय आहे?’ बाई म्हणाल्या, ‘कोंडा. आणि वासापुरती थोडी सुंठ.’ ‘थोडी म्हणजे किती?’ बाईंचा बांध फुटला. ‘पहिल्यांदा तुम्ही ओळखलीत, म्हणून मी चिमूटभर टाकायला सांगितली. परत ओळखलीत, म्हणून मूठभर. तिसऱ्यांदा ओळखलीत तेव्हा मला राग आला.’

रागाच्या भरात बाईंनी किती टाकायला सांगितली असेल? आम्ही तपासून घेतलं. खोटी कॅप्सूल जवळजवळ सगळी सुंठ आहे, कोंडा चवीपुरता. सरकारी पैशानं आणि चोख बंदोबस्तात आम्ही इतके दिवस सुंठीची तुलना सुंठीशी करत होतो!

तेवढ्यात मागून चमत्कारिक आवाज आला. वळून बघते तर आकडेवाले! हसत होते. आधी नुसते खांदे, मग सगळे. भिंतीला टेकले, मग फरशीवर बसले, चष्मा एकीकडे, पेन एकीकडे. म्हणाले, ‘दोन्ही गटांचे आकडे जुळ्या भावंडांसारखे येत होते हो! मला वाटलं मीच कुठेतरी चुकतोय. मी पुन्हा पुन्हा बेरजा करत होतो!’ मग बाई हसायला लागल्या, मग मी, आणि शेवटी साहेब. शिपाई आला आणि त्यानं न विचारताच चहा ठेवला.

नंतरचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. चाचणी थांबवली. सगळ्या दवाखान्यांना आणि सगळ्या पेशंटना खरं काय झालं ते कळवलं, माफी मागून. तुलाही येईल ते कागद. वरच्या मजल्यावर साहेबांची हजेरी झाली. बाईंवर ढकलता आलं असतं, पण साहेबांनी सांगितलं, ‘नाक माझं होतं, हट्ट माझा होता.’ मला त्या माणसाबद्दल एकदम फार प्रेम वाटलं. आता सगळं नव्यानं सुरू होईल. कॅप्सूलवर दुसरं कवच चढवायचं, म्हणजे वास बाहेरच येणार नाही. हे आधी का सुचलं नाही, असं कृपा करून विचारू नकोस, वरच्यांनी विचारून झालंय. साहेबांना हुंगायच्या समितीतून वगळलंय.

तुझ्या वॉर्डातल्या बायका विचारतील, मग आम्हाला बरं कशानं वाटलं? तुझं बहुधा डॉक्टरच्या नव्या गोळीनं. सुंठीनं काही केलं की नाही, ते आम्हाला अजून ठाऊक नाही. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असं सांगायचं, त्याचाच आम्हाला पगार मिळतो.

एक राहिली, ताई. चौदा तारीख, गुरुवार. मी काही विचारत नाही. नुसती तारीख लिहिली आहे.

तुझी,
बारकी

१७ ऑगस्ट

बारके,

अक्षर वाकडं आहे, कारण आडवी पडून लिहिते आहे.

भूक नाही. तोंडाला चव म्हणशील तर जुन्या किल्लीची. पाय माझे नाहीत, कुणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटतात. काल सकाळी उठून दारापर्यंत गेले आणि तिथेच बसले. ह्यांनी मला उचलून आणलं, आणि आता ह्यांची कंबर धरली आहे. दोघं शेजारी शेजारी आडवे आहोत. केस नाहीत, भुवया नाहीत, नखं काळी पडलीत, आणि आरशात दिसते ती बाई मला बघून हसते आहे.

गेले होते, बारके! गुरुवारी जाऊन आले. सहावी झाली. सगळ्या झाल्या! डॉक्टर म्हणाला, पुढे तपासण्या होतील, तोवर आपण मोठं काही बोलायचं नाही. मी म्हटलं, तू नको बोलूस, मी बोलते. आणि वॉर्डातून निघताना मोठ्यानं ओरडून सगळ्यांना सांगितलं. कंडक्टरबाईंनी खाटेवरूनच शिट्टी मारली, बस सोडायची.

इतकं वाईट वाटत असताना इतका आनंद मला जन्मात झालेला नाही. आता येतेस तर ये. शनिवारी ये, ओझं आणू नकोस. आणि आल्या आल्या, भूक लागली का, असं विचारू नकोस हं.

सोमवारी विचार.

तुझी ताई